‘आधी’चा फोटो नेमका कधीचा?

सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर हे आधी वाचा. आज एका बेटाबद्दल सांगतो. खरं तर त्या बेटाची गोष्ट जशी सांगितली जाते, तिच्याशी माझं भांडण आहे.

अमेरिकेत मिशिगन सरोवरातून ग्रीन बेमध्ये शिरताना एक अरुंद जलमार्ग लागतो. नावच ‘मृत्यूचं दार’. तिथे पायलट आयलंड हे चार एकरांहूनही लहान बेट आहे आणि त्यावर १८५८ सालचं दीपगृह. दीपगृह असूनही १८९१-९२ मध्ये शिडाची तीन जहाजं तिथेच फुटली. १९६२ मध्ये दिवा स्वयंचलित झाला नि माणसं गेली. आता तिथे पाणकावळे राहतात. झाडं वाळून खराटा झालीत, जमीन विष्ठेने पांढरी.

गोष्ट सांगतात ती दोन फोटोंत. आधी हिरवं बेट, नंतर उजाड बेट, आणि निष्कर्ष: पक्ष्यांनी वाट लावली.

यातलं अर्धं पक्कं आहे, ते नाकारू नका. विष्ठेतल्या नायट्रोजनने आणि क्षारांनी माती बिघडते, घरट्यांसाठी फांद्या तुटतात, झाडं मरतात. झाडं मेली तरी हे पक्षी हटत नाहीत, सरळ जमिनीवर घरटी करतात.

घोळ आहे तो पहिल्या फोटोत. तो कधीचा? विसाव्या शतकाच्या मध्याचा असेल, तर तो डीडीटीचा काळ. अंड्यांची कवचं पातळ होऊन ग्रेट लेक्समधले पाणकावळे जवळपास संपले होते. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, त्याच वर्षी या पक्ष्यांना कायद्याचं संरक्षणही मिळालं, आणि संख्या पुन्हा वाढली. म्हणजे ‘आधी’ म्हणून आपण बघतोय ती विषबाधेच्या काळातली शांतता. शिवाय ते दीपगृहवाल्यांनी राखलेलं अंगण. दोन्ही ‘नैसर्गिक’ म्हणून खपतात!

उलट टोकही मला पटत नाही. ‘पक्षी परतले, म्हणजे मूळ स्थिती परतली’ हेही सिद्ध होत नाही. त्यांना पोसणाऱ्या माशांमध्ये बाहेरून सरोवरात शिरलेला एलवाइफ होता. म्हणजे ‘नंतर’चा फोटोही निव्वळ निसर्गाचा नाही.

हा शब्दच्छल वाटेल, पण ग्रेट लेक्समध्ये पाणकावळ्यांच्या अंड्यांना तेल लावून ती उबू न देण्याचा उपाय वापरला गेलाय. किती पक्षी ‘जास्त’, हे कुठल्यातरी ‘आधी’वरूनच ठरणार ना? पायलट आयलंड २००७ पासून वन्यजीव खात्याकडे आहे आणि लोकांसाठी बंद आहे. दीपगृहाचं नाव मात्र १९८३ पासून ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत. जपायचं काय, हे मोजमापाने सुटणार नाही. पण मोजमाप कुठल्या सालापासून केलं, ते तरी उघड लिहायला हवं.

माझा विषय उजनी जलाशयातले पक्षी. पहिल्या मसुद्यात मी ऐटीत ‘मूळ अधिवास’ लिहिलं होतं. सरांनी त्याभोवती गोल काढून विचारलं, “मूळ म्हणजे धरणाआधीची शेतं का रे?” आता तिथे एक साल आहे, आणि तेच साल का, हे सांगायला तीन पानं लागलीत.