रेस्तेलोचा वृद्ध आणि वसईचे कडवे

पोर्तुगीज महाकवी लुईश द कामोइंश यांच्या ‘लुसियाद’ या महाकाव्याचे नाव आपल्या वसईकडील ख्रिस्ती घरांत ऐकून माहीत असते. ते वाचलेला माणूस मात्र विरळा. १५७२ साली लिस्बन येथे प्रसिद्ध झालेल्या या दहा सर्गांच्या काव्याचा विषय वास्को द गामाचा १४९७-९८ सालचा हिंदुस्थानप्रवास हा आहे. परक्यांचे विजयगीत म्हणून आम्हीही ते बरीच वर्षे बाजूला ठेवले होते. सावकाश वाचल्यावर मात्र आमचे मत बदलले. हे विजयगीत आहे खरे, परंतु त्याच्या पोटात एक सल आहे, आणि काव्याचे मोठेपण त्या सलात आहे.

कामोइंश हे दरबारात बसून लिहिणारे कवी नव्हते. मोरोक्कोत त्यांनी एक डोळा गमावला. १५५३ साली ते साधे शिपाई म्हणून गोव्यात उतरले आणि सुमारे सतरा वर्षे पूर्वेकडे हालअपेष्टांत काढून १५७० साली मायदेशी परतले. म्हणून पाचव्या सर्गात हिरड्या सुजून सडणाऱ्या खलाशांचे वर्णन येते, तेव्हा ते ऐकीव वाटत नाही. परक्या मातीत साथीदाराला मूठमाती देऊन पुढे निघणाऱ्या माणसाचे दुःख तेथे उमटले आहे. गामाबरोबर निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसे घरी परतली, हा इतिहास या ओळींमागे उभा आहे.

तथापि काव्याचा खरा प्राण चौथ्या सर्गाच्या अखेरीस आहे. लिस्बनजवळ रेस्तेलोच्या किनाऱ्यावर गलबते निघण्याच्या तयारीत आहेत; माता आणि पत्नी आक्रोश करीत आहेत. इतक्यात गर्दीतून एक वृद्ध पुढे येतो. ज्याला तुम्ही कीर्ती म्हणता तो केवळ लोभ आहे, तो घरे मोडतो आणि राज्ये गिळतो, असे तो बजावतो; लाकडाला पहिल्यांदा शीड बांधणाऱ्यालाही तो शाप देतो. विशेष हे की, ही हकीकत मालिंदीच्या राजाला खुद्द गामाच सांगतो. आपल्यावरील आरोप नायक आपल्याच तोंडाने सांगतो, आणि त्याला उत्तर देत नाही. वृद्ध बोलत असतानाच शिडे उघडली जातात. उत्तर न देता निघून जाणे यातच त्या युगाची कबुली आहे, असे आम्हांस वाटते.

मात्र या वृद्धाला शांतिदूत समजण्याची घाई करू नये. दूर कशाला जाता, जवळच्या मूर लोकांशी लढा, असेही तो म्हणतो. कवीने हे काव्य तरुण राजा सेबास्तियांव यास अर्पण केले आणि अखेरीस त्याला मोरोक्कोवरील स्वारीची आशा दाखविली. १५७८ साली तो राजा अल्कासर-किबीरच्या रणांगणावर पडला. १५८० साली कवीने देह ठेवला आणि त्याच वर्षी पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला. लोभ ओळखणाऱ्या कवीला धर्मयुद्धाचा मोह ओळखता आला नाही.

करुणेलाही येथे सीमा आहे. दहाव्या सर्गात कवी आल्बुकर्कची स्तुती करतो आणि एका पोर्तुगीज शिपायाला फाशी दिल्याबद्दल त्याला दोषही देतो. आपल्या माणसासाठी त्याचे मन कळवळते. पण १५०२ साली याच गामाने हाजच्या यात्रेहून परतणारे जहाज स्त्री-मुलांसह जाळले. त्या निखाऱ्यांची धग या काव्यात जाणवत नाही.

आणि आपली वसई? दहाव्या सर्गाच्या ६१ व्या कडव्यात नुनो द कुन्याच्या पराक्रमाच्या ओघात ती येते. बळकट वसई त्याच्या हाती पडेल, पण रक्त सांडल्यावाचून नाही. केवळ तलवारीच्या बळावर आपला तट घेतलेला पाहून मलिक तेथे कण्हेल, असा आशय आहे. १५३३ सालची स्वारी आणि १५३४ सालचा तह, यांना अर्धे कडवे पुरले. त्या अर्ध्या कडव्यात किल्ला आहे, शत्रू आहे, रक्त आहे. नाहीत ते आपले पूर्वज: नांगर धरणारे, जाळे टाकणारे. त्यांच्या किनाऱ्यावर कोणी वृद्ध उभा राहिला असेल, तर त्याचे शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत.

तुमचा धर्म गलबतातून आला, असे कोणी हिणवले की आपण एक तर संतापतो, नाही तर मान खाली घालतो. हे काव्य तिसरी वाट सुचविते. याच दहाव्या सर्गात मैलापूर येथील प्रेषित संत थॉमसच्या रक्तसाक्षित्वाची कथा येते, आणि कवी आपल्या काळातील धर्मप्रसारकांना खडसावतो: थॉमसप्रमाणे स्वतःला देवाने पाठविलेले म्हणवता, तर घरी का बसता? गलबतांच्या आधी दीड हजार वर्षे शुभवर्तमान या भूमीवर आले होते, ही परंपरा गलबतांचा कवीच गातो. तेव्हा श्रद्धा ही गलबताच्या मालकाची मिळकत नव्हे. तिच्याबरोबर आलेल्या तलवारीचे समर्थन करण्याचे ओझे आपल्या माथी नाही, आणि तलवारीमुळे श्रद्धा टाकून देण्याचेही कारण नाही.

कामोइंश यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, वसईचा एक पुत्र नागासाकी येथे क्रुसावर मरण पावला. संत गोन्सालो गार्सिया त्याच सागरी मार्गांनी गेला होता, परंतु हाती शस्त्र न घेता. महाकाव्यातील वसईचे अर्धे कडवे त्याने पूर्ण केले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. रसिकांनी ‘लुसियाद’ अवश्य वाचावे; मात्र रेस्तेलोच्या त्या वृद्धाचे बोलणे संपेपर्यंत किनाऱ्यावर थांबावे.