पडदा आणि कागद

छापलेलें छायाचित्र घरीं आलें कीं बहुधा एकच उद्गार निघतो : "पडद्यावर किती उजळ होतें, आणि हें किती काळवंडलें !" दोष छापणाऱ्याच्या माथीं मारला जातो. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो. पडदा स्वतः प्रकाशतो. कागद खोलींतील उसन्या उजेडावर जगतो. शिवाय पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग उत्पन्न करितो, तर शाई उजेडाचा कांहीं भाग गिळून रंग दाखविते. तेव्हां दोहोंच्या रंगांचें राज्य एक असणें शक्यच नाहीं. लग्नांतील शालू पडद्यावर डाळिंबी आणि कागदावर विटकरी दिसला, तर तक्रार रास्त आहे. त्यासाठीं पडदा मापून घ्यावा, कागदाचें व शाईचें प्रोफाइल लावावें. काळोखाची तक्रार मात्र बहुधा अवास्तव तेजानें जळणाऱ्या पडद्यानेंच शिकविलेली असते.

आणि पडदाच मूळ, हें तरी कोणीं ठरविलें? अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ येथील चंद्रोदय टिपला. त्या एकाच निगेटिव्हवरून पुढें अनेक वर्षें ते प्रती काढीत राहिले. आरंभींच्या प्रतींत आकाश फिकट आहे, उत्तरकाळच्या प्रतींत जवळजवळ काळें. निगेटिव्ह ही स्वरलिपि आणि प्रत हें वादन, अशी त्यांची उपमा होती; ते स्वतः पियानो शिकलेले होते. ओली प्रत वाळल्यावर किंचित् काळवंडते, हें जाणून ते चांचणीची प्रत वाळवून मगच निकाल देत.