शाळकरी संशोधन आणि प्रश्नाचा हक्क

अमेरिकेतील कॉलेज बोर्ड या संस्थेने 2014 साली 'एपी कॅपस्टोन' नावाचा एक शिक्षणक्रम सुरू केला. महाविद्यालयात चालणारे चर्चासत्र आणि महाविद्यालयात लिहिला जाणारा शोधनिबंध या दोन्ही गोष्टी शाळेतल्या मुलांकडून करून घेणारा हा दोन वर्षांचा शिक्षणक्रम आहे. पहिल्या वर्षी 'सेमिनार', दुसऱ्या वर्षी 'रिसर्च'. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी तिकडे या वर्गात बसली, आणि तिच्यामुळे त्याची पुस्तिका माझ्या हाती आली. समीक्षेसाठी आलेले पुस्तक वाचावे तशी मी ती वाचली. अमेरिकेतल्या शाळांत काय चालते याच्याशी आपल्याला काय करायचे आहे, असे एखादा कार्यकर्ता मित्र विचारील. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा ते नाव कुठून घेतले होते, एवढेच त्याने आठवावे.

आधी या शिक्षणक्रमाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सेमिनारच्या वर्षी मुले गटाने एक प्रश्न घेतात, त्यावर प्रत्येक जण आपापला अहवाल लिहितो आणि मग सगळे मिळून तो वर्गासमोर मांडतात. पुढे प्रत्येकाला सुमारे 2000 शब्दांचा स्वतंत्र निबंध लिहावा लागतो. रिसर्चच्या वर्षी मुलाने स्वतःचा प्रश्न शोधायचा, त्यावर आधी कोणी काय लिहिले ते वाचायचे, पद्धत ठरवायची, आणि 4000 ते 5000 शब्दांचा शोधनिबंध लिहायचा. त्यानंतर तिघा परीक्षकांसमोर उभे राहून त्याचे समर्थन करायचे. 75 टक्के गुण निबंधाला, 25 टक्के या तोंडी परीक्षेला. शिक्षकाने मुलाच्या वतीने प्रश्न ठरवायचा नाही, वाक्य लिहून द्यायचे नाही, असा दंडक आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कोणी विचारते की 'तुझा प्रश्न काय?', ही गोष्ट मला मोठी वाटते. घोकंपट्टीवर पोसलेल्या आपल्या शिक्षणात हा प्रश्न पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही नीट विचारला जात नाही. मार्गदर्शकच विषय 'देतो'.

मी एम.ए.ला होतो तेव्हा आमच्या विभागात दर शनिवारी 'सेमिनार' होई. पाळी येईल त्याने कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलेली टिपणे वाचून दाखवायची, सरांनी मान डोलवायची, आणि चहा. माझी पाळी आली तेव्हा मी आमच्या वस्तीतल्या बाया जात्यावर बाबासाहेबांच्या ज्या ओव्या म्हणत, त्यांच्याविषयी बोलायला उभा राहिलो. विभागप्रमुखांनी दुसऱ्याच मिनिटाला थांबवले आणि विचारले, 'यावर कुणाचा ग्रंथ आहे?' ग्रंथ नव्हता. 'मग आधी ग्रंथ येऊ द्या,' ते म्हणाले. वर्ग हसला. ज्यावर ग्रंथ नाही तो विषय नाही, आणि ज्यांच्या हाती छापखाने त्यांचेच ग्रंथ, हे प्रस्थापित ज्ञानव्यवहाराचे चक्र मला त्या दिवशी कळले. म्हणून 'तुझा प्रश्न काय?' हे वाक्य वाचताना मी हरखलो, हे लपवत नाही.

पण हरखून चालत नाही. कोणतीही संस्था कोणाच्या पोटी जन्मली हे पाहावे लागते. कॅपस्टोन ज्या 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट'ची, म्हणजे एपीची, शाखा आहे तिचा उगम 1951-52 च्या सुमारास झाला. अँडोव्हर, एक्सेटर, लॉरेन्सव्हिल या श्रीमंतांच्या खाजगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे एकत्र बसली. त्यांची अडचण अशी होती की आपली हुशार मुले शाळेत जे शिकतात तेच पुन्हा महाविद्यालयात शिकतात, त्यात वेळ फुकट जातो. फोर्ड प्रतिष्ठानच्या निधीतून यावर विचार झाला आणि पुढे कॉलेज बोर्डाने परीक्षा सुरू केल्या. त्याच 1951 सालच्या 23 एप्रिलला व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या काळ्या मुलीने आपल्या शाळेतल्या साडेचारशेहून अधिक मुलांना संपावर काढले. शाळेत जागा पुरत नव्हती म्हणून मुलांना डांबरी कागदाच्या झोपड्यांत बसवले जाई, आणि गोऱ्यांच्या शाळेची इमारत डोळ्यांपुढे होती. 'आमची शाळा अशी का?' हा तिचा प्रश्न. ते प्रकरण न्यायालयात गेले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राउन निकालात जे पाच दावे एकत्र झाले, त्यांतला हा एक. निकालाचा राग म्हणून त्या परगण्याने 1959 ते 1964 अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या! एकीकडे शिकलेलेच पुन्हा शिकून कंटाळलेली मुले, दुसरीकडे शिकायला छप्पर नसलेली मुले. शाळकरी वयात महाविद्यालयाच्या तोडीचा प्रश्न कोणी विचारला, हे वाचकांनीच ठरवावे.

फीचेही सांगतो. 2024 साली साधारण एपी परीक्षेची फी 98 डॉलर होती, तर सेमिनार आणि रिसर्च या दोन विषयांची प्रत्येकी 146. गरीब मुलांना सवलत आहे, हे खरे. पण ज्या शाळेत ग्रंथपाल नाही आणि जिचा शिक्षक उन्हाळी प्रशिक्षणाला जाऊ शकत नाही, तिथे हा वर्गच उघडत नाही. सवलत मिळायला आधी वर्ग असावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या शिक्षणक्रमाचा कणा आहे 'विविध दृष्टिकोनांचे मूल्यमापन'. कोणत्याही प्रश्नाला अनेक बाजू असतात, त्या सर्व तोलून मगच निष्कर्ष काढावा, अशी शिकवण. ती वाचताना मला मुक्ता साळवे आठवली. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असे ती त्यात विचारते. पेशवाईत तिच्या जातीच्या माणसांची काय गत केली गेली हे सांगते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, हे सांगते. हा निबंध आजच्या गुणतक्त्याखाली धरला तर काय होईल? संदर्भग्रंथ शून्य. विरुद्ध बाजूची मांडणी नाही. पुरावा म्हणजे स्वतःचे आणि आपल्या जातीचे जगणे. ती नापास होईल, अशी मला दाट शंका आहे. ज्याच्या गळ्यावर पाय आहे त्याने पाय देणाऱ्याचा 'दृष्टिकोन' तोलत बसावे काय, असा सवाल आपल्यातले काही मित्र करतील, आणि मीही तो अनेक वर्षे सभांमधून केला आहे.

परंतु याच प्रश्नाला दुसरे एक उदाहरण आहे आणि ते आपल्याच घरचे आहे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीच्या व्यवस्थेची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय. त्यात त्यांनी काय केले? सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून घेतल्या, प्रत्येकीचे बरेवाईट सांगितले, कुठे अपुरी पडते ते दाखवले, आणि मग जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा प्राण आहे, असे स्वतःचे प्रतिपादन उभे केले. हे विविध दृष्टिकोनांचे मूल्यमापनच होय. मात्र सर्व बाजू तोलून झाल्यावर त्यांनी तराजू तसाच अधांतरी ठेवला नाही. तोलणे आणि तटस्थ राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या शिक्षणक्रमाची पद्धत मला मान्य आहे ती याच अर्थाने. मुक्ताचा प्रश्न आणि 1916 ची पद्धत या दोन्ही आमच्या मुलांना हव्यात. नुसता प्रश्न असला की त्याची भावना म्हणून वासलात लावतात. नुसती पद्धत असली की ती कोणाच्याही चाकरीला राहते.

ती कशी राहते याचा दाखला याच संस्थेने दिला. कॅपस्टोनपासून वेगळा, पण त्याच बोर्डाचा, आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा एपी विषय 2022 साली साठ शाळांत प्रायोगिक म्हणून सुरू झाला. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडा राज्याने त्याला शैक्षणिक मूल्य नाही म्हणून नकार दिला. 1 फेब्रुवारीला बोर्डाने सुधारित आराखडा काढला. 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' चळवळ आणि गुलामगिरीच्या नुकसानभरपाईची मागणी हे विषय सक्तीच्या अभ्यासातून निघून गेले होते. ते कुठे गेले? विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रकल्पासाठी सुचवलेल्या नमुना विषयांच्या यादीत! आणि ती यादीही राज्यांनी हवी तशी बदलावी, अशी मुभा. राजकीय दबावाखाली आम्ही हे केले नाही, असे बोर्डाने सांगितले. टीका झाली, डिसेंबर 2023 मध्ये आराखडा पुन्हा दुरुस्त झाला. पण युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. जो विषय सर्वांनी शिकावा तो 'ज्याला हवे त्याने संशोधन करावे' असे म्हणून गावकुसाबाहेर काढायचा. मग 'संशोधन' हा सन्मान राहत नाही, ते हद्दपारीचे ठिकाण होते. आपल्या विद्यापीठांत दलित साहित्याचा 'ऐच्छिक पेपर' कसा झाला, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आपल्याकडच्या शाळांविषयी फार लिहीत नाही. दहावीचा 'प्रकल्प' स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, मुखपृष्ठावर नाव घातले की झाले. चार वर्षांच्या पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली जो आराखडा काढला, त्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट ठेवली. प्रश्न पडण्यासाठी 75 टक्के लागतात, हे मला तरी नवे होते.

इथपर्यंत लिहून माझा हात अडखळतो आहे, कारण या सगळ्यात मी स्वतः कोरडा नाही. ज्या मुलीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिचा प्रश्न असा होता : परदेशातली मराठी कुटुंबे आपल्या मुलांना आडनावाविषयी काय सांगतात? आसपासच्या मराठी घरांत प्रश्नावली पाठवायची तिने ठरवले. तिच्या वडिलांचा मला फोन आला. 'सर, तुम्ही तिला समजावा. दुसरा विषय घे म्हणावं. इथं मंडळात आम्ही कोण हे कुणाला ठाऊक नाही. गणपतीला, दिवाळीला जातो-येतो. उद्या ही प्रश्नावली घेऊन दारात गेली, की सगळे विचारणार, हिला हे का सुचलं?' हा मुलगा वसतिगृहात असताना बाबासाहेबांच्या जयंतीला सर्वांत पुढे घोषणा देणारा. मी त्याच्यावर चिडलो, मग गप्प झालो. त्याला काय म्हणणार होतो?

माणसांवर संशोधन करायचे तर तिकडे आधी परवानगी घ्यावी लागते, उत्तर देणाऱ्याला काही इजा होणार नाही ना हे लिहून द्यावे लागते. हा नियम मला चांगला वाटतो, आमच्या वस्त्यांत वह्या घेऊन येणाऱ्यांनी कधी आमची परवानगी घेतली नव्हती. पण प्रश्न विचारणाऱ्याला काय इजा होईल, याचा रकाना तिच्या शाळेच्या अर्जात नव्हता.

मी तिला विषय सोड म्हणालो नाही. प्रश्नावली मात्र काढून टाक, असे मीच सांगितले. कॅलिफोर्नियात जातिभेदाविरुद्धचे विधेयक 2023 साली दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून अडवले. त्या वेळी सुनावण्यांत लोकांनी उघडपणे दिलेल्या साक्षी उपलब्ध आहेत, त्यांचा अभ्यास कर, दोन्ही बाजूंच्या वाच, असे सुचवले. तिने तसे केले. निबंध चांगला झाला. तरी तिचा मूळ प्रश्न मी बाजूला सारला, बोर्डाने त्या काळ्या विषयांना सारले तसाच, हे मला टोचत राहिले आहे.

निबंधात एक विभाग 'संशोधनाच्या मर्यादा' असा असतो. 'आजोबा, प्रश्नावली का वापरली नाही, ते मी त्यात खरं खरं लिहू का?' तिने विचारले. लिही, म्हणालो. तिने सहा ओळी लिहिल्या. त्या निबंधासह शाळेत गेल्या आहेत. वडिलांनी निबंध वाचायला मागितला तेव्हा तिने पूर्ण दिला, तो विभाग काढून दिला नाही. त्यांचा मला पुन्हा फोन आलेला नाही.