बटलर घराण्याचें दफ्तर : वारसा आणि दास्य

अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांत आल्टमाहा नदी समुद्रास मिळते, तेथें तिच्या मुखाशीं बटलर बेट नांवाचें एक बेट आहे; तेथें पूर्वीं भाताची लागवड होत असे. तेथून जवळच, सेंट सायमन्स बेटाच्या उत्तर टोंकास, लांब धाग्याच्या कापसाचा हॅम्प्टन नांवाचा मळा होता. या दोन्ही मळ्यांचे मालक जें बटलर घराणें, त्याच्या पांच पिढ्यांचा इतिहास माल्कम बेल यांनीं ‘मेजर बटलर्स लेगसी’ या नांवानें इ. स. १९८७ त प्रसिद्ध केला. घराण्याच्या कागदांचा मुख्य संग्रह फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया हिस्टॉरिकल सोसायटीच्या दफ्तरखान्यांत आहे. याखेरीज तीन जुनीं छापील साधनें उपलब्ध आहेत. एक, मालकाची पत्नी व प्रसिद्ध इंग्रज नटी फॅनी केंबल हिची इ. स. १८३८-३९ ची रोजनिशी, जी १८६३ त छापली गेली. दुसरें, १८५९ च्या लिलांवाचा ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ पत्रांतील वृत्तांत. तिसरें, फॅनीची कन्या फ्रान्सिस बटलर ली हिचें १८८३ चें ‘टेन इयर्स ऑन अ जॉर्जिया प्लँटेशन’ हें पुस्तक. या सर्वांचा विचार एकत्र करावा, असें आम्हांस वाटतें.

हा विषय आमच्या वाचकांच्या नेहमींच्या टापूबाहेरचा आहे खरा. तथापि तो महाराष्ट्रास अगदींच परका म्हणतां येणार नाहीं. अमेरिकेंतील दास्यमोचनासाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ त अर्पण केलें, हें सर्वश्रुत आहे. आणि पेशवाईंतील कागदांत कुणबिणींची खरेदी व बक्षीस यांच्या नोंदी ज्यांनीं हाताळल्या आहेत, त्यांस अशा कागदाचें वाचन कसें करावें हा प्रश्न कधीं ना कधीं पडलाच असेल.

घराण्याचा मूळ पुरुष मेजर पीअर्स बटलर हा आयर्लंडांत १७४४ सालीं जन्मला. तो इंग्रजी सैन्यांत अधिकारी असून १७७१ त साउथ कॅरोलिनांतील एका धनाढ्य घराण्याची वारस मेरी मिडलटन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. मळे आणि माणसें ही बव्हंशीं या विवाहाची कमाई. पुढें १७८७ च्या घटनापरिषदेंत पळून गेलेला दास मूळ मालकास परत मिळावा असें कलम सुचविण्यांत हाच गृहस्थ अग्रेसर होता. म्हणजे आपल्या घरची मालमत्ता राखण्यासाठीं जें त्यास हवें होतें, तें त्यानें राष्ट्राच्या मूळ कायद्यांत घालविलें. स्वतः तो बहुतेक काळ फिलाडेल्फियांत राहिला, आणि मळ्यांचा कारभार रॉसवेल किंग व त्याच नांवाचा त्याचा मुलगा यांनीं एकामागून एक पाहिला. मालक दूर असल्यामुळें पत्रें, याद्या, हिशेब यांचा ओघ सतत चालू राहिला. आज हें दफ्तर एवढें भरगच्च आहे, त्याचें श्रेय या गैरहजेरीस दिलें पाहिजे.

मेजर १८२२ त वारला. मृत्युपत्रांत त्यानें आपला मुलगा टॉमस यास वारसांतून वगळलें व मुलीच्या मुलांस मिळकत ठेवली, ती मात्र त्यांनीं बापाचें मीझ हें आडनांव टाकून बटलर हें घ्यावें या अटीवर. आमच्याकडे जें दत्तविधानानें साधतें तें येथें मृत्युपत्राच्या एका कलमानें साधलें. नातवांनीं अट मान्य केली. १८३६ त मावशीच्या निधनानंतर पीअर्स मीझ बटलर व त्याचा भाऊ जॉन हे या मिळकतीचे प्रत्यक्ष धनी झाले. ज्यास नांव बदलल्यानें शेंकडों माणसें मिळतात असा वारस, आणि ज्यांचें आडनांव कागदांत लिहिण्याची कोणास गरजच वाटली नाहीं अशीं तीं माणसें. एकाच दफ्तरांतील हा विरोध बेल यांच्या ग्रंथांत घटनांच्या ओघांत येतो. त्यावर थांबून विचार व्हावयास हवा होता.

दासांच्या नांवांच्या याद्या मुळांत होतातच कां, हें येथें पाहिलें पाहिजे. संयुक्त संस्थानांच्या सरकारनें १८५० व १८६० सालीं दासांची जी स्वतंत्र खानेसुमारी केली, तींत मालकाच्या नांवाखालीं वय, लिंग व वर्ण एवढेंच लिहिलें आहे, दासाचें नांव नाहीं. नांवें सांपडतात तीं मालकाच्या घरच्या कागदांत. आणि तीं तेथें येतात याचें कारण वाटणी, गहाण, मृत्युपत्र किंवा विक्री यांपैकीं कांहीं तरी निघालेलें असतें. दर माणशी किंमत लावावयाची म्हटलें, म्हणजे नांव लिहावेंच लागतें. व्हर्जिनिया वसाहतीनें १६६२ त असा कायदा केला कीं, मूल स्वतंत्र कीं दास हें आईच्या स्थितीवरून ठरावें. दक्षिणेंतील इतर वसाहतींनींही पुढें तोच नियम धरला. मालकाचा हक्क ज्या बाजूनें चालतो ती बाजू आईची. बाप कोण, याची कायद्यास चौकशी नव्हती.

ही चौकशी नसल्यानें कोणाची सोय होत होती, तें केंबलच्या रोजनिशीवरून कळतें. मुकादम फ्रँक याची पत्नी बेटी हिला किंगनें आपल्याकडे नेलें व तिला रेंटी नांवाचा मुलगा झाला, असें ती लिहिते. कायद्याच्या दृष्टीनें रेंटी हा बेटीचा मुलगा, म्हणून बटलरांचा दास. कारभाऱ्याचें रक्त त्याच्या अंगीं असल्यानें त्यांत कांहींच फरक पडत नव्हता.

याच रोजनिशींतील साइकी व जो यांचें प्रकरण आमच्या मतें या सर्व साधनांत सर्वांत मोलाचें आहे. साइकी ही तरुण दासी, दोन मुलांची आई, जो हा तिचा नवरा. एके दिवशीं ती मालकिणीस विचारते कीं, आपण नेमक्या कोणाच्या? बटलरांच्या, कीं नोकरी सोडून आलाबामाकडे निघालेल्या जुन्या कारभाऱ्याच्या? चौकशीअंतीं कळलें कीं, जुन्या कारभाऱ्याकडून तिला व मुलांना नव्या कारभाऱ्यानें विकत घेतलें आहे. मालकिणीस बरें वाटलें. पण दुसऱ्याच दिवशीं मळ्यावर एकच आकांत झाला : मालकानें जो यास जुन्या कारभाऱ्याला त्याच्या नोकरीची बक्षिसी म्हणून देऊन टाकलें होतें! बायको एका खरेदीनें येथें राहिली आणि नवरा एका बक्षिसानें आलाबामाला निघाला. व्यवहार दोन्ही कायदेशीर, दोन्ही आपापल्या परीनें उदार म्हणतां येतील असे; त्यांच्या मधोमध एक संसार मोडत होता आणि तो मोडतो आहे हें कोणत्याही कागदावर उमटत नव्हतें. केंबलनें नवऱ्याची फार विनवणी केली, आणि अखेर त्यानें साइकी व तिचीं मुलें विकत घेऊन तें कुटुंब एकत्र ठेवलें. जमाखर्चांत याची जी नोंद पडावयाची ती फक्त खरेदीची. साइकीनें विचारलेला प्रश्न तेथें कधींच येणार नाहीं. तो रोजनिशींत आला, कारण विचारावयास ती आली आणि लिहावयास कोणी होतें.

तिच्याकडे गाऱ्हाणीं घेऊन येणाऱ्या बायकांचीं तिनें केलेलीं टिपणेंही अशींच आहेत. सोफीचीं दहा मुलें, पांच वारलीं. स्टीफनची बायको सारा हिचे चार गर्भपात, सात मुलें, त्यांपैकीं पांच वारलीं. मागणी बहुधा एकच : बाळंतपणानंतर कामावर जाण्यास थोडी अधिक सवड मिळावी. वाटणीची यादी जिवंत माणसांची असते. वारलेल्या मुलांची मोजणी येथें आयांनीं करून दिली आहे.

या रोजनिशीच्या विश्वसनीयतेवर आक्षेप घेतले गेले आहेत. मार्गारेट डेव्हिस केट यांनीं ‘जॉर्जिया हिस्टॉरिकल क्वार्टर्ली’ त १९६० सालीं तींतील चुका दाखविणारा लेखच लिहिला. रोजनिशी पत्ररूप आहे, ती २४ वर्षांनीं, अंतर्गत युद्धाच्या ऐन भरांत व इंग्रजी लोकमत वळविण्याच्या हेतूनें छापली गेली, आणि लेखिकेचा नवऱ्याशीं १८४९ त घटस्फोट झाला होता; तेव्हां सावधगिरी अवश्य आहे. परंतु तपशिलाच्या चुकांवरून सबंध साधन बाद करणें हा न्याय मालकांच्या कागदांस कोणी लावीत नाहीं. शिवाय एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. छापील रोजनिशींत नवऱ्याच्या नांवाच्या जागीं नुसती रेघ व कारभाऱ्यांच्या नांवांचीं आद्याक्षरें आहेत, पण दासांचीं नांवें उघड आहेत. लाज राखावयाची ती कोणाची, याची समजूत तीव्र टीकाकारासही सोडीत नाहीं.

आतां लिलांव. पीअर्स बटलर सट्टा व जुगार यांपायीं कर्जांत बुडाला. जॉन १८४७ त वारला होता. मळ्यांवरील सुमारें ९०० माणसांची जॉनचा वारसा व पीअर्स यांच्यांत वांटणी झाली आणि पीअर्सच्या वांट्याचीं माणसें सव्हॅना शहराजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, २ व ३ मार्च १८५९ रोजीं विकलीं गेलीं. जाहिरातींत संख्या ४६०, छापील यादींत ४३६, प्रत्यक्ष विक्री ४२९, आणि रक्कम ३,०३,८५० डॉलर. म्हणजे माणशीं सरासरी ७०८ डॉलरांहून किंचित् अधिक. या तीन आंकड्यांची गल्लत पुष्कळ ठिकाणीं आढळते, म्हणून ते येथें वेगवेगळे दिले आहेत. अटी अशा : एक तृतीयांश रोख, बाकी दोन वार्षिक हप्त्यांनीं सव्याज, आणि त्या बाकीस तारण विकत घेतलेलीं माणसेंच. गहाणाच्या कागदासाठीं त्यांचीं नांवें पुन्हा एकदां लिहिलीं जाणार होतीं हें उघड आहे.

‘ट्रिब्यून’ चा बातमीदार मॉर्टिमर टॉमसन हा गिऱ्हाईक म्हणून पेन्सिल व यादी घेऊन तेथें हिंडला, आणि ९ मार्च रोजीं त्याचा वृत्तांत छापून आला. कुटुंबें फोडावयाचीं नाहींत अशी विक्रीची अट होती व तिचा पुढें बराच गवगवा झाला. पण कुटुंब म्हणजे काय, हें यादी करणारानेंच ठरविलेलें! नवरा, बायको व लहान मुलें एवढेंच त्यांत धरलें होतें. म्हातारे आईबाप, वयांत आलेलीं भावंडें त्यांत नव्हतीं. ज्यांचे सोयरे दुसऱ्या वांट्यास गेले त्यांची ताटातूट तर मैदानावर येण्यापूर्वीं, वांटणीच्या कागदानेंच झालेली होती. टॉमसन जेफ्री व डॉर्कस यांची हकीकत देतो. जेफ्री हा यादींतील ३१९ वा, वय २३; डॉर्कस २७८ वी. त्यांचें लग्न व्हावयाचें होतें, झालें नव्हतें, म्हणून यादीच्या दृष्टीनें त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नव्हता. जेफ्री १,३१० डॉलरांस विकला गेला. डॉर्कसलाही घ्यावें म्हणून त्यानें नव्या धन्यास हात जोडले, ती किती काम करील हें सांगून पाहिलें. धनी कबूल होत आला. पण डॉर्कस चार जणांच्या कुटुंबांत एकत्र विकली जाणार होती व तेवढीं माणसें त्यास नको होतीं. म्हणजे कुटुंब न फोडण्याची अटच या दोघांच्या आड आली. आम्हीं अनेक वांटणीपत्रें वाचलीं आहेत. परंतु दयेचें कलम इतक्या सरळ रीतीनें उलटलेलें क्वचितच पाहिलें असेल. अ‍ॅनसन व व्हायलेट हें पन्नाशी उलटलेलें जोडपें माणशीं २५० डॉलरांस गेलें. ती त्या दिवसांची नीचतम किंमत. विक्रीनंतर पीअर्स बटलरनें प्रत्येकास नव्या नाण्यांत एक एक डॉलर दिला.

बेल यांच्या ग्रंथाविषयीं आमची तक्रार परिश्रमाच्या उणिवेची नाहीं. परिश्रम अपार आहेत, आणि दासांच्या हकीकतीही त्यांनीं टाळलेल्या नाहींत. तक्रार मांडणीची आहे. पांच पिढ्या त्यांनीं मोजल्या त्या मालकांच्या. ज्या क्रमानें मिळकत उतरली त्याच क्रमानें दफ्तर उतरलें, आणि ग्रंथही त्याच क्रमानें चालतो. त्यामुळें १८१५ च्या आरंभीं इंग्रजी आरमाराबरोबर हॅम्प्टनवरून निघून गेलेलीं १३८ माणसें ही मेजरचें नुकसान म्हणून कथेंत येतात, वास्तविक तीं त्या दफ्तरांतून आपल्या पायांनीं बाहेर पडलेलीं माणसें आहेत. अ‍ॅन बेली यांनीं १८५९ च्या लिलांवावरील आपल्या २०१७ च्या ग्रंथांत विकल्या गेलेल्यांच्या वंशजांकडून शोध सुरू केला आहे. बेल यांच्या शेजारीं तो ठेवून वाचावा.

संग्राहकांस येथें एक विनंति करावीशी वाटते. अशी यादी हातीं आली तर सही किंवा शिक्का यांसाठीं ती रुमालांतून वेगळी काढूं नये. ती कोणत्या मृत्युपत्रास, कोणत्या कर्जास जोडलेली होती हें तुटलें म्हणजे नांवांचा क्रम मुका होतो. आणि त्या क्रमांतच बहुधा आई कोणती, मूल कोणतें, हें लपलेलें असतें.

फ्रान्सिस ली बापाबरोबर १८६६ त मळ्यावर परत आली. बाप पुढच्याच वर्षीं तेथें वारला. १८५९ त विकल्या गेलेल्यांपैकीं कित्येक लोक मुक्त झाल्यावर दूरदूरच्या प्रांतांतून बटलर बेटावर परत आले, असें ती लिहिते, व त्यांत तिला जुन्या धन्यावरील निष्ठा दिसते. आईची ही कन्या, पण पक्ष सर्वस्वीं बापाचा. तिनें नोंदलेली गोष्ट खरी मानण्यास आम्हांस कांहींच अडचण दिसत नाहीं. कारण तेवढें तिनें लावलेलें आहे. ज्या बेटावर एका वाटणीनें मागें राहिलेले भाऊ, बहिणी व म्हातारीं माणसें होतीं, आणि जेथें सोफीचीं पांच व साराचीं पांच मुलें पुरलेलीं होतीं, त्या बेटावर माणसें सात वर्षांनीं चालत आलीं. तीं कोणाकडे आलीं, हें विचारण्याचें तिला सुचलें नाहीं.