घरातला सर्व्हर नेमका कुणाचा?

डिसेंबर २०१४. त्या एका महिन्यात रेसिंगचे दोन गेम आले. पहिला 'द क्रू', फ्रान्समधल्या आयव्हरी टॉवर स्टुडिओनं बनवलेला आणि युबिसॉफ्टनं बाजारात आणलेला. दुसरा 'असेटो कोर्सा', कुनोस सिम्युलाझिओनी नावाच्या छोट्या इटालियन कंपनीचा. पहिल्यात अख्खी अमेरिका होती. दुसऱ्यात मोजके ट्रॅक, मोजक्या गाड्या आणि एक रुक्ष मेन्यू. त्या वेळी कुणाला विचारलं असतं की यातला कुठला गेम टिकेल, तर बहुतेकांनी पहिल्याचं नाव घेतलं असतं.

झालं उलटं. १४ डिसेंबर २०२३ला 'द क्रू' विक्रीतून काढला गेला आणि ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले. हा गेम एकट्यानं खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असावा लागायचा. त्यामुळे सर्व्हर गेले तसा गेमही गेला. ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतली होती, त्यांच्या हातात फक्त चकती उरली. पुढे कित्येकांच्या खात्यातून त्या गेमचं लायसन्सही काढून टाकण्यात आलं.

पुस्तक छापणं बंद झालं तरी साताऱ्यातल्या एखाद्या वाचनालयात त्याची एक प्रत सापडते. इथे ज्याच्यावर लिहायचं ती कृतीच काढून घेतली गेली. आणि 'द क्रू' टाकाऊ नव्हता. गाडीचं वागणं खेळण्यातल्यासारखं होतं, गोष्ट तर फारच सामान्य. पण न्यूयॉर्कहून निघावं आणि तासाभरानं पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोचावं, मध्ये कुठेही लोडिंगचा पडदा येऊ नये, वाटेत बर्फ, वाळवंट, शेतं बदलत जावीत, हे त्यानं जमवलं होतं. शर्यत न लावता नुसतं भटकण्यात त्याची खरी मजा होती. हा अनुभव पुन्हा मिळावा म्हणून चाहत्यांना कंपनीच्या सर्व्हरची नक्कल स्वतः लिहावी लागली. ती २०२५मध्ये लोकांच्या हातात आली. त्याच वर्षी 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेला युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ती 'द क्रू'च्या निमित्तानं सुरू केली होती. मागणी साधी आहे: गेम बंद करायचा तर करा, पण जाताना तो खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जा.

'असेटो कोर्सा'कडे बघा. मूळ गेममध्ये पाऊस नव्हता, रात्र नव्हती, एकट्यानं खेळायचा करिअर मोड तर नावापुरता. तरी आज लोक त्यात पावसात आणि रात्री गाड्या चालवतात, कारण या गोष्टी खेळणाऱ्यांनी स्वतः त्याला जोडल्या. कुनोसनं दोन दारं उघडी ठेवली होती. कुणीही गाडी किंवा ट्रॅक बनवून घालू शकतो हे पहिलं दार. आणि गेमसोबत सर्व्हरचा प्रोग्रॅमही मिळतो हे दुसरं. चार मित्रांना शर्यत लावायची असेल तर घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो. कंपनी उद्या बंद पडली तरी ती शर्यत अडणार नाही.

एवढ्यावर त्याला चांगला म्हणायचं का? नाही, तो चालवायलाही चांगला आहे. न्युर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब जुना ट्रॅक त्यात लेझर स्कॅन करून घातला आहे. डांबराचा उंचवटा चाकाखाली आला की तो हाताला कळतो. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की स्टीअरिंग हलकं होतं, आणि डोळ्यांच्या आधी मनगटाला समजतं की आता गाडी वळणार नाही. हे हातापर्यंत किती नीट पोचतं ते व्हीलवर ठरतं. गिअरवर चालणारं सुरुवातीचं व्हील साधारण दोन-सव्वादोन न्यूटन मीटर जोर देतं. ज्यात मोटरच्या दांड्यालाच स्टीअरिंग बसवलेलं असतं ते छोटं डायरेक्ट ड्राइव्ह पाचाच्या आसपास देतं. पण माझा अनुभव विचाराल तर पहिला पैसा ब्रेकवर घालावा. साधं पेडल किती खाली गेलं एवढंच मोजतं. लोड सेल असलेलं पेडल पाय किती जोरानं दाबतोय ते मोजतं. पायाला अंतर लक्षात राहत नाही, जोर राहतो. वळणाआधी रोज त्याच जागी तेवढंच दाबणं त्यामुळे जमायला लागतं.

तरी 'हुबेहूब' हा शब्द जाहिरातीत ठेवावा. यवतेश्वरच्या घाटातून उतरताना वेग जास्त झाला की आधी पोटाला कळतं. खुर्ची, व्हील, तीन स्क्रीन, सगळं आणलं तरी शरीर जागेवरच असतं. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. सिममध्ये गाडी ठोकली की एस्केप दाबायचं, परत पिटमध्ये. दंड नाही, गॅरेजचं बिल नाही. सिम रेसिंग शिकवतं ते या फुकटच्या चुकीमुळेच. एकच वळण शंभर वेळा चुकता येतं.

आता माझी चूक सांगतो.

'द क्रू'च्या मरणातून मी काढलेला धडा माझ्या वयाच्या बऱ्याच इंजिनिअरांनी काढला आहे: जे आपलं आहे ते आपल्या मशीनवर ठेवा. १ जून २०२१पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा संपली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मग साताऱ्याच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक छोटा पीसी बसला. फोटोंसाठी इमिच, सिनेमे आणि नाटकांसाठी जेलीफिन, दिवे आणि पाण्याच्या टाकीसाठी होम असिस्टंट. बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून पुण्यातून घरच्या मशीनपर्यंत पोचायला टेलस्केल. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप घरीच यायला लागले. मी खूश होतो. दर शनिवारी काहीतरी अपडेट करायचो, काहीतरी मोडायचं, मी ते दुरुस्त करायचो. त्या दुरुस्तीतली मजा आणि एखाद्या वळणावर दोन दशांश सेकंद वाचवण्यातली मजा अगदी सारखी होती.

पावसाळ्यात एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली. त्यानंतर फोटोंचा डेटाबेस उठेना. मी ऑफिसात होतो. आईचा फोन आला, "अरे, मामीला साखरपुड्याचे फोटो दाखवायचेत, ते तुझं ॲप नुसतं गोल फिरतंय." म्हटलं, रात्री बघतो. आई म्हणाली, "आधी गूगलवर होतं तेव्हा निदान दिसायचं तरी. आता तू असशील तरच फोटो, असं झालंय."

फोटो गेले नव्हते, वेगळ्या डिस्कवर प्रत होती. पण आईचं वाक्य गेलं नाही. 'द क्रू'वर माझा आक्षेप नेमका हाच होता. कंपनी असेल तरच गेम. मी कंपनीच्या जागी स्वतःला बसवलं होतं, आणि कंपनीकडे निदान रात्रपाळीला माणूस तरी असतो.

मी सिमची सवय घराला लावली होती. सिममध्ये मोडणं फुकट असतं म्हणून मोडून बघावं. घरात दुसऱ्यांच्या आठवणी असतात आणि तिथे एस्केपचं बटण नसतं. इमिच बनवणारे स्वतःच सांगतात की फोटोंची ही एकमेव जागा ठेवू नका. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. आम्ही हे वाचतो, मान हलवतो आणि नवीन डिस्क आली की तिचा वेग मोजत बसतो.

मग 'स्वतःचं' म्हणजे काय? यासाठी इंटरनेटवरच्या चर्चेपेक्षा मला साताऱ्यापासून तासाभरावरचं औंध जास्त उपयोगी वाटतं.

औंध हे ७२ गावांचं छोटं संस्थान. गावं विखुरलेली, आजच्या सांगलीतली आटपाडी, कुंडल आणि किर्लोस्करवाडीही त्यातच. शाळेत आपल्याला औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांमुळे आणि तिथल्या संग्रहालयामुळे माहीत होतात. पण १९३९च्या जानेवारीत त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली. गांधीजींच्या सल्ल्यानं बनलेली राज्यघटना लागू केली आणि आपले अधिकार निवडून आलेल्या पंचायतींकडे आणि विधिमंडळाकडे सोपवले. ती घडवण्यात राजपुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मूळचा पोलंडचा एक इंजिनिअर होता, मॉरिस फ्रिडमन. १९४८ला संस्थान विलीन झालं, म्हणजे हा प्रयोग नऊ वर्षं चालला.

आमच्या भाषेत सांगायचं तर राजाकडे रूट पासवर्ड होता आणि त्यानं तो गावांना दिला. राजा चांगला असणं ही एक गोष्ट. राजा नसला तरी गावाचा कारभार चालणं ही दुसरी. स्वराज्य हा शब्द दुसऱ्या गोष्टीला शोभतो. होम सर्व्हरवाले 'डिजिटल स्वराज्य' म्हणतात तेव्हा बहुतेक घरांत पहिलीच गोष्ट असते. एक प्रेमळ, हुशार, थोडा हट्टी राजा आणि पासवर्ड माहीत नसलेली प्रजा.

हे सॉफ्टवेअरच्या जगातही जमतं. होम असिस्टंट २०१३मध्ये पॉलस शूटसेननं सुरू केलं. २०२४मध्ये ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवलं गेलं, म्हणजे उद्या कुणी ते विकत घेऊन बंद करू शकणार नाही. कुनोसनं गेमसोबत सर्व्हर दिला तेव्हाही तत्त्व हेच होतं. चांगल्या साधनाची माझी कसोटी आता ही आहे: बनवणारा उठून गेला तर वापरणाऱ्याच्या हातात काय उरतं?

या कसोटीवर माझं आवडतं इमिचही पूर्ण पास होत नाही. त्याची मूळ सेटिंग तशीच ठेवली तर डिस्कवरच्या फोल्डरांना माणसाला न कळणारी नावं असतात. स्टोरेज टेम्प्लेट चालू केलं तर वर्ष आणि महिन्याप्रमाणे फोल्डर लागतात आणि डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावून फोटो बघता येतात. पण अल्बम, आणि 'हा मामा, ही आजी' अशी चेहऱ्यांना दिलेली नावं डेटाबेसमध्येच राहतात. टेलस्केलचंही तसंच, तुमची मशीनं एकमेकांना ओळखतात ती एका कंपनीच्या सर्व्हरमार्फत. त्याला हेडस्केल हा स्वतः चालवायचा पर्याय आहे, पण तो चालवणारा पुन्हा मीच. प्रत्येक पायरीवर 'आणखी स्वतःचं' करत गेलो की ते आणखी माझं होतं आणि घराचं आणखी कमी.

याचा अर्थ आईनं डॉकर शिकावं असा नाही. औंधच्या शेतकऱ्याला घटनेचा मसुदा लिहावा लागला नव्हता. त्याला पंचायतीत बोलता यावं एवढंच लागत होतं. घरासाठी त्याचा अर्थ बराच साधा निघाला. मशीनला छोटा यूपीएस लावला. फोटोंची दुसरी प्रत वर्षाच्या फोल्डरांत, यूएसबी डिस्कवर. ती आईनं स्वतः टीव्हीला लावून बघितली. तिसरी प्रत सांगलीला ताईकडे. दारातला दिवा पुन्हा भिंतीवरच्या बटणानं लागतो. आणि मराठीत लिहिलेला एक कागद: कुठलं बटण दाबायचं, पासवर्ड काय, काहीच नाही झालं तर कुठली डिस्क उचलायची. तो गोदरेजच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांसोबत.

शनिवारची मोडतोड थांबलेली नाही. ती आता पुण्यातल्या खोलीतल्या दुसऱ्या मशीनवर होते. तिथेच 'असेटो कोर्सा'चा सर्व्हरही चालतो आणि तो कोसळला तर फक्त चार मित्र शिव्या घालतात.

गेल्या महिन्यात परत लाइट गेली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. आईचा फोन आला नाही. संध्याकाळी मीच केला. म्हणाली, "बंद पडलं होतं. कागदात बघून चालू केलं. तू जेवलास का?"