बेलिचिक यांना पुन्हा नोकरी मिळायला हवी होती का?

११ जानेवारी २०२४ ला बिल बेलिचिक आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स वेगळे झाले. २४ हंगाम, सहा सुपर बोल विजेतेपदं, आणि शेवटच्या हंगामात ४ विजय, १३ पराभव. त्या हिवाळ्यात एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, आणखी सात संघांना मुख्य प्रशिक्षक हवा होता. अटलांटा फाल्कन्सने बेलिचिक यांची दोनदा मुलाखत घेतली आणि जागा रहीम मॉरिस यांना दिली. बाकीच्या सहा जागाही इतरांना गेल्या. बेलिचिक यांचं वय तेव्हा ७१ होतं.

यावर भरपूर वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, सहा विजेतेपदं मिळवणाऱ्या माणसाला नाकारणं हा वेडेपणा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सगळी किमया क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची होती, तो गेला आणि उघडं पडलं. माझ्या मते दोन्ही बाजू एकाच आकडेवारीचा चुकीचा वापर करतात. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा वाद जरूर बघावा, कारण आपल्या प्रबंधांतही नेमकं हेच होतं.

आधी प्रश्न वेगळे करू

'तो लायक आहे का?' या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेत. पहिला गौरवाचा: आजवरच्या कामाबद्दल त्याचा मान राखावा का? दुसरा श्रेयाचा: संघाच्या यशात त्याचा स्वतःचा वाटा किती? तिसरा भाकिताचा: आपल्या संघात, पुढच्या तीन-चार वर्षांत, तो काय करेल?

संघमालकाला तिसऱ्याचं उत्तर हवं असतं. चाहते पहिल्यावर भांडतात आणि आकडेवाले दुसऱ्याचं गणित मांडतात. मग प्रत्येकाला वाटतं की समोरच्याला साधी गोष्ट कळत नाही.

७७ विरुद्ध ४५ टक्के

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक डाव सुरू होतो तो खेळाडू. ब्रेडी सुरुवातीपासून खेळला त्या साखळी सामन्यांत बेलिचिक यांचा हिशेब २१९ विजय, ६४ पराभव. इतर सगळ्या सामन्यांत ८३ विजय, १०१ पराभव. म्हणजे ७७ टक्के विरुद्ध ४५ टक्के. बघताक्षणी निकाल लागल्यासारखं वाटतं.

पण त्या दुसऱ्या ढिगात काय काय आहे ते बघा. १८४ पैकी ८० सामने क्लीव्हलंड ब्राउन्सचे, १९९१ ते १९९५ मधले. त्यातल्या शेवटच्या हंगामात मालकाने संघ बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा मध्येच केली. ४-५ वर असलेला संघ ५-११ वर संपला. १६ सामने २००० सालचे, म्हणजे पेट्रियट्समधलं त्यांचं पहिलं वर्ष, संघ अजून घडत होता. आणि ६७ सामने २०२० नंतरचे, मोडत चाललेल्या संघाचे. थोडक्यात, 'ब्रेडी नाही' या खान्यात 'संघ कच्चा आहे' हाही घटक मिसळलेला आहे. यालाच आपण कन्फाउंडर म्हणतो.

अजून एक गुंता आहे. ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. २००१ मध्ये ड्र्यू ब्लेडसो जखमी झाला म्हणून तो खेळायला आला. पण ब्लेडसो बरा झाल्यावरही ब्रेडीलाच ठेवायचं, हा निर्णय बेलिचिक यांचा होता. ज्या घटकाचा परिणाम वजा करायचा, तो घटक प्रशिक्षकाच्याच निर्णयातून आला असेल, तर साधी वजाबाकी चालत नाही.

ब्रेडीने टँपा बेला जाऊन पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवलं, हा पुरावाही लोक पुढे करतात. त्यावरून ब्रेडी बेलिचिकशिवाय जिंकू शकतो एवढं कळतं. बेलिचिक यांचा वाटा शून्य होता हे त्यातून निघत नाही.

नशिबाने झालेले दोन प्रयोग

मग चांगली तुलना कोणती? जिथे संघ आणि प्रशिक्षक तेच राहिले आणि फक्त ब्रेडी बाहेर गेला, ती. अशा दोन संधी आहेत. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि मॅट कॅसलने सुरू केलेल्या १५ सामन्यांत संघ १०-५ राहिला. २०१६ मध्ये ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी होती, त्यात संघ ३-१. एकूण १३-६, म्हणजे ६८ टक्के.

४५ आणि ६८ यांतला फरक बघा. माणूस तोच आहे, फक्त तुलनेचा गट नीट निवडला. पण इथेही हुरळून जाऊ नका. १९ सामने म्हणजे फारच लहान नमुना. साधा ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल काढला तर तो साधारण ४७ ते ८९ टक्के येतो. म्हणजे 'तयार संघ असेल तर ब्रेडीशिवायही तो सरासरी किंवा त्याहून चांगला' इतकंच म्हणता येतं. त्या आधीच्या हंगामातल्या १६-० शी २००८ च्या ११-५ ची तुलना करून 'ब्रेडीची किंमत पाच सामने' असं म्हणणं तर चुकीचंच. १६-० नंतर आकडा खाली येणारच होता, गुडघा शाबूत असता तरी. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच.

शेवटची चार वर्षं

२०२० ते २०२३: ७-९, १०-७, ८-९, ४-१३. एकूण २९-३८. निव्वळ सरासरी संघाने ६७ पैकी ३३.५ सामने जिंकले असते आणि प्रमाण विचलन साधारण ४ येतं. २९ हा आकडा त्या टप्प्यात बसतो. म्हणजे नुसत्या जय-पराजयावरून 'म्हातारा संपला' हे सिद्ध होत नाही. एकटा २०२३ चा हंगाम मात्र दोन विचलनांहून जास्त खाली आहे, तो नशिबावर ढकलता येत नाही.

इथे बेरीज सोडून आत शिरायला लागतं. २०२३ मध्ये पेट्रियट्स लागोपाठ तीन सामने हरले: कोल्ट्सकडून १०-६, जायंट्सकडून १०-७, चार्जर्सकडून ६-०. तीन सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना फक्त २६ गुण दिले आणि तरीही तिन्ही गमावले! बचाव ही बेलिचिक यांची मूळ विद्या, ती शाबूत होती. कोसळलं होतं ते आक्रमण. हंगामभरात फक्त २३६ गुण, लीगमध्ये तळाशी.

ते आक्रमण कुणी उभं केलं? बेलिचिक यांनीच. पेट्रियट्समध्ये खेळाडू निवडीचा शेवटचा शब्दही त्यांचाच होता. आणि सगळा दोष 'निवडीवर' टाकून 'प्रशिक्षणाला' सोडूनही देता येत नाही. २०२२ मध्ये आक्रमणाचे डाव ठरवायचं काम त्यांनी मॅट पॅट्रिशिया यांना दिलं, ज्यांची ओळख बचावाचे प्रशिक्षक अशी होती. हा प्रशिक्षकाचाच निर्णय होता, आणि तो अंगाशी आला. नंतर २०२४ मध्ये नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीही संघ ४-१३ च राहिला. खेळाडू थोडे बदलले होते, तरी खड्डा संघरचनेत होता या म्हणण्याला त्याने बळ मिळतं.

माझा निकाल

जानेवारी २०२४ मध्ये हाती असलेल्या पुराव्यावर: प्रशिक्षक म्हणून बेलिचिक यांना नोकरी मिळायला हवी होती. पण दोन अटींवर. खेळाडू निवड दुसऱ्याच्या हातात, आणि आक्रमणाची जबाबदारी त्याच कामात मुरलेल्या माणसाकडे. ज्या संघाला पाच-सहा वर्षं खपून सगळं नव्याने उभारायचं होतं, त्याने ७१ वर्षांच्या माणसाला नाकारलं तर त्यात अन्याय नाही. ज्याच्याकडे बरा संघ होता आणि बचाव ढिसाळ होता, त्याने मात्र संधी घालवली. सहा विजेतेपदांमुळे सगळे अधिकार द्यावेत, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला चिकटवणं झालं.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाकडे गेले. २०२५ च्या पहिल्याच सामन्यात ४८-१४ असा मार खाल्ला आणि हंगाम ४-८ वर संपला. 'बघा, आम्ही म्हणत होतो' असं म्हणणारे लगेच पुढे आले. पण कॉलेज फुटबॉल हा वेगळा समुच्चय आहे: खेळाडूंचं वय, भरती, वेळापत्रक, सगळंच निराळं. शिवाय जानेवारी २०२४ चा निर्णय तेव्हाच्या माहितीवर जोखायचा, नंतरच्या निकालावर नाही. तरी तो हंगाम पुरावा म्हणून अगदी शून्यही धरू नका. तिथे अधिकार मोठे होते आणि जनरल मॅनेजर मायकल लोम्बार्डी हे त्यांचेच जुने सहकारी. 'दोन्ही टोप्या एका डोक्यावर नकोत' हे मत त्यामुळे माझ्या मनात थोडं घट्ट झालं, इतकंच.

जाता जाता एक गृहपाठ. पीट कॅरल यांना जानेवारी २०२५ मध्ये, ७३ व्या वर्षी, लास व्हेगास रेडर्सने घेतलं. हंगाम ३-१४ गेला आणि एका वर्षात त्यांना काढलं. वरच्या तीन प्रश्नांपैकी कुठल्याचं उत्तर हे १७ सामने देतात, आणि कुठल्याचं अजिबात देत नाहीत? आधी अर्ध्या पानावर लिहून काढा, आकडे त्यानंतर शोधा.