स्थान, वस्तू आणि संज्ञा : वीजजाळ्याच्या आधुनिकीकरणाची एक चिकित्सा

वीजपुरवठा करणाऱ्या संस्थांच्या आधुनिकीकरणाचा विचार बहुधा यंत्रसामग्रीच्या अंगानेच केला जातो. किती उपकेंद्रे दूरनियंत्रित झाली, किती मीटर बदलले, कोणती संगणकप्रणाली आली, याची गणना होते. ही गणना निरर्थक नव्हे. परंतु ती अपुरी आहे. नियंत्रणकक्षात बसलेल्या माणसास वाहिनी वा रोहित्र प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतात त्या त्यांच्या संज्ञा. संज्ञा आणि वस्तू यांचा संबंध सुटला, म्हणजे अद्ययावत यंत्रणाही आंधळी होते.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत येथील सुमारे पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. उभय देशांच्या संयुक्त चौकशीत त्याची अनेक कारणे नोंदली गेली. वाहिन्यांखालील झाडे वेळीच छाटली गेली नव्हती. ओहायओतील एका नियंत्रणकक्षाची धोक्याची सूचना देणारी प्रणाली बंद पडली होती. त्यांतील एक कारण भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. स्टुअर्ट–अटलांटा ही ३४५ किलोव्होल्टची वाहिनी दुपारी दोनच्या सुमारास बंद पडली. परंतु विभागीय देखरेख करणाऱ्या संस्थेच्या गणनप्रणालीत ती चालूच मानली गेली. वस्तूची अवस्था पालटली, संज्ञेची पालटली नाही. परिणामी गणित जुळेना, आणि धोक्याची कल्पना वेळेवर आली नाही.

या प्रकारच्या विसंगतीवर एक शास्त्रीय उपाय आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या ६१९७० व ६१९६८ या मानकमालांत आढळतो. त्यांतील सामाईक माहिती-प्रतिमान जाळ्यातील स्थान आणि त्या स्थानी बसविलेली वस्तू यांची नोंद वेगवेगळी ठेवते. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकास येथे स्थानी व आदेश यांचे स्मरण व्हावे. आदेशास स्थानीचे धर्म प्राप्त होतात. मात्र जे कार्य प्रत्यक्ष वर्णावर अवलंबून असते, तेथे हा नियम लागत नाही. रोहित्र बदलले असता नव्या रोहित्रास जुन्याचे संबंध मिळतात : कोणत्या वाहिनीवरून पुरवठा यावयाचा, कोणत्या ग्राहकांस तो द्यावयाचा. परंतु तेलाची चाचणी, वेष्टनाचे वय, दुरुस्तीचा इतिहास हे त्या वस्तूचेच धर्म होत. ते तिच्याबरोबरच गेले पाहिजेत. हा विवेक न राखल्यास अन्यत्र जळून दुरुस्त झालेले रोहित्र केवळ नव्या जागी आले म्हणून नवे ठरते, आणि त्याचा भरवसा धरून खांबावर चढणाऱ्या तंत्रज्ञाच्या जिवाशी खेळ होतो. अर्थात या साम्यासही मर्यादा आहे. आदेश जीर्ण होत नाही, रोहित्र होते. म्हणून येथे प्रत्येक नोंदीस काळाची जोड अवश्य आहे.

महाराष्ट्रापुरता विचार करता आणखी एक प्रश्न उद्भवतो. कार्यालयीन कागदांत ‘रोहित्र’ हा शब्द रूढ आहे. गावात मात्र ‘डीपी’. शुद्धतेचा आग्रह धरणारे दुसऱ्या शब्दास अपभ्रष्ट मानतात. वस्तुतः हे दोन शब्द पर्यायवाची नाहीत. ‘विहिरीजवळची डीपी’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा खांब, फ्यूजपेटी व रोहित्र यांसह ते सबंध स्थान त्यास अभिप्रेत असते. रोहित्र दहादा बदलले, तरी विहिरीजवळची डीपी तीच राहते. जो भेद मानककारांनी शास्त्र म्हणून मांडला, तो लोकभाषेने व्यवहारातून आधीच साधला होता.

तात्पर्य, मालमत्तेच्या नोंदवहीत क्रमांकाबरोबर हे लोकनामही नोंदले जाणे उचित होय. फोनवर तक्रार सांगणाऱ्याचा शब्द आणि पडद्यावरील संज्ञा एकाच खांबाशी पोहोचत नसतील, तर त्या आधुनिकीकरणाचे पहिले पाऊल अद्याप पडावयाचे आहे.